गूळ-शेंगदाण्याची वडी

माघ महिना लागला की रविवारी पहाटे कोल्हापुरातून माणसे चालत निघतात. पंचगंगा ओलांडायची, कुशिरे गाव गाठायचे, गायमुखाच्या वाटेने डोंगर चढायचा आणि जोतिबाच्या दारात उभे राहायचे. याला खेटे घालणे म्हणतात. सडकेने मोजले तर हे अंतर १८ किलोमीटरच्या आसपास भरते. शेवटचा चढ माणसाला दमवतो.

चालणाऱ्यांच्या पिशवीत काय असते? कुणाकडे भाकरी आणि ठेचा, कुणाकडे केळी. आणि बऱ्याच जणांकडे एक लहान डबा. चढावर घटकाभर टेकले की डबा उघडतो. आत गूळ-शेंगदाण्याची वडी असते. शेजारी बसलेला माणूस ओळखीचा असो नसो, त्याच्या हातावर एक वडी पडते. "घ्या हो, घरची हाय!" तोही मुकाट्याने तोंडात टाकतो. ज्याचा उपास असतो त्यालाही ती चालते.

आता हे बघा. दुकानातली वस्तू घेताना आपण चार वेळा उलटून पाहतो. घरची म्हटली की कुणी पाहत नाही. खाणारा पाहत नाही, म्हणून करणाऱ्याने पाहिले पाहिजे. वडी करणे सोपे आहे. तासाभरात होते. चूल असो, गॅसची शेगडी असो, दोन्हींवर होते. पण चांगली आणि निर्धोक वडी करायची तर चार गोष्टी माहीत हव्यात. त्याच इथे सांगतो.

पहिली गोष्ट गुळाची.

गुळाच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर नशीबवान. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली. तिथे गुळाचा व्यापार वाढला आणि कोल्हापूरचा गूळ लांबलांब जाऊ लागला. २०१४ साली या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे काय, तर दुसरीकडे झालेला गूळ 'कोल्हापूरचा' म्हणून विकायला कायद्याने मनाई झाली. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटतात. माघात नवा गूळ घरात आलेला असतो. खरिपाच्या शेंगा वाळून तयार असतात. संक्रांत नुकतीच झालेली असते, म्हणून पाक करण्याचा हातही बसलेला असतो. वडी याच दिवसांत का करतात ते यावरून कळेल.

गूळ कसा होतो हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. उसाचा रस काहिलीत घालतात. खाली चिपाडाचा जाळ. रानभेंडीचे चिकट पाणी घातले की रसातली घाण मळी होऊन वर येते, ती काढून टाकतात. गुळव्या पाकाकडे डोळा लावून बसलेला असतो. वेळ साधली की काहील उतरवतात. तीच विद्या आपल्याला घरात, लहान कढईत करायची आहे.

गूळ निवडताना रंगाला भुलू नका. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला गूळ, असे नव्हे. काही गुऱ्हाळांत रंग उजळावा म्हणून हायड्रॉस नावाची पावडर घालतात. गिऱ्हाईक पिवळा गूळ मागते, म्हणून गुऱ्हाळवाला ती घालतो. दोष एकट्या त्याचा नाही. तांबूस, तपकिरी गूळ घ्या. खडा जिभेवर ठेवा. खारट लागला तर घेऊ नका. बाजारात 'चिक्कीचा गूळ' म्हणून वेगळा गूळ मिळतो. तो कडक चिक्कीला ठीक. आपल्या वडीला साधा गूळच बरा.

दुसरी गोष्ट शेंगदाण्यांची. इथे जरा थांबून वाचा, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

शेंगा ओल्या असताना पोत्यात भरल्या, किंवा पोते ओल्या भिंतीला लागले, तर दाण्याला बुरशी येते. कधी ती हिरवट-पिवळी असते. कधी वरून दिसतही नाही, दाणा दुभंगला की आत दिसते. घरात आपण काय म्हणतो? "दोन दाणे खराब असले म्हणून काय झालं? भाजलं की सगळं जातंय." तसे होत नाही.

१९६० साली इंग्लंडात एक नवल घडले. टर्की नावाचा मोठा पक्षी तिकडे कोंबडीसारखा पाळतात. ते पक्षी एकाएकी मरू लागले. सुमारे एक लाख पक्षी मेले. रोग कुठला ते कळेना. शोध घेता घेता शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या खाद्यापर्यंत पोचले. खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती आणि पेंडीला बुरशी लागलेली होती. ती बुरशी विष तयार करत होती. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन असे नाव दिले.

हे झाले पक्ष्यांचे. १९७४ साली आपल्याच देशात, राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत, बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. तेच विष. ते यकृतावर घाला घालते. थोडे थोडे पुष्कळ दिवस पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. भाजल्याने ते थोडे कमी होते, पण जात नाही. धुतल्यानेही जात नाही.

म्हणून दाणे परातीत पसरा आणि उजेडात निवडा. काळा पडलेला, सुरकुतलेला, बुरशीचा, किडका दाणा बाजूला काढा. चव कडू लागली तर तोंडातला थुंकून टाका. एखाद्या पोत्यात असे दाणे फार निघाले, तर त्या पोत्याची वडी करूच नका. आणि टाकाऊ दाणे म्हशीपुढे घालू नका. विष दुधात उतरते, आणि दूध पुन्हा आपल्याच पोरांना. कोंबड्यांनाही घालू नका. खड्डा काढून पुरून टाका.

शेंगा साठवायच्या तर आधी खडखडीत वाळवा. शेंग कानाशी धरून हलवली की दाणा आत खुळखुळ वाजला पाहिजे. पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब.

तिसरी गोष्ट खोबऱ्याची. आपल्याकडे खोबरे म्हटले की जोतिबा आठवतोच. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण होते. डोंगर गुलाबी होतो. खोबऱ्याचे तुकडे लोक भक्तीने वेचून घरी नेतात. भक्तीबद्दल मी बोलत नाही. पण गुलालात भिजलेले ते खोबरे किसून वडीत घालू नका. गुलाल हा उधळण्यासाठी केलेला रंग आहे, खाण्यासाठी केलेला नव्हे. पुसून, धुऊन तो पुरता निघत नाही. ते तुकडे देव्हाऱ्यात ठेवा. वडीसाठी दुकानातून स्वच्छ वाटी आणा, ती फोडून आत बुरशी नाही ना हे पाहा आणि वास घ्या. खवट वास आला तर ती वाटी परत करा. एक खवट वाटी सगळा घाणा बिघडवते.

आता मापाकडे वळू.

रात्रीच्या वर्गाला एक आजी येत. त्यांची वडी सगळ्या आळीत नावाजलेली. सुनेने विचारावे, "आत्या, गूळ किती घालू?" आजी म्हणत, "घाल की बेताचा!" आता बेताचा म्हणजे किती? आजीच्या हाताला ते कळत होते, तोंडाला सांगता येत नव्हते. सुनेची वडी एकदा दगड व्हायची, एकदा लगदा. घरात त्यावरून कुरबुर.

आम्ही वर्गात एक तागडी आणली. आजींना म्हटले, नेहमीसारखे दाणे घ्या. ते तोलले, ५०० ग्रॅम भरले. मग गुळाचा खडा तोलला, ९०० ग्रॅम. आजींनी त्यातला त्यांच्या बेताने चिरला. उरलेला पुन्हा तोलला, ५०० ग्रॅम. नऊशेतून पाचशे गेले, राहिले चारशे. आजींचा 'बेत' म्हणजे ४०० ग्रॅम! तो त्यांनी स्वतः वहीत लिहिला. आपले नाव लिहायला शिकल्यावर त्यांनी लिहिलेली ती पहिली कामाची ओळ. सून आता वही पाहून वडी करते.

पूर्वी आपल्याकडे शेर, मापटे, चिपटे अशी मापे होती. धान्य मापाने आणि गूळ वजनाने, अशी रीत होती. मापात मावते ते आणि काट्यावर भरते ते सारखे नसते. मापटेभर अख्खे दाणे आणि मापटेभर कूट यांतही फरक पडतो. म्हणून वडीला सगळे तोलूनच घ्या. घरात वजने नसली तर प्रमाण ध्यानात ठेवा. दाणे पाच भाग, गूळ चार भाग. सारख्या वजनाचे पाच गोटे असले तरी काम भागते.

तर आपली वडी अशी :

शेंगदाणे ५०० ग्रॅम, गूळ ४०० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे १०० ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, पाच-सहा वेलदोडे, चिमूटभर मीठ, पाव वाटी पाणी.

हे सगळे मिळून साधारण एक किलो होते. २५ ग्रॅमची एक, अशा सुमारे ४० वड्या पडतात. दाण्यांचा दर, गुळाचा दर वहीत मांडा आणि चाळिसाने भागा. एक वडी केवढ्याला पडली ते कळेल. हे गणित मी मुद्दाम तुमच्याकडे सोपवतो.

आधी दाणे मंद आचेवर भाजा. दहा-बारा मिनिटे लागतात. हात थांबवू नका. जाळ मोठा केला तर साल करपते आणि आत दाणा कच्चा राहतो. साल सुटू लागली, खमंग वास आला की उतरवा. गार झाल्यावर चोळा आणि सुपात पाखडा. मग खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सर असेल तर थांबत थांबत फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. त्याच कढईत खोबऱ्याचा कीस दोन मिनिटे परता. लालसर झाला की लगेच काढा.

पाक करण्याआधी ताटाला किंवा चौकोनी ट्रेला तूप लावून ठेवा. वाटीच्या बुडालाही लावा. सुरी जवळ ठेवा. एका वाटीत थंड पाणी ठेवा. पाक झाल्यावर या वस्तू शोधत बसायला वेळ मिळत नाही.

आता गूळ बारीक चिरून पाण्यात विरघळवा. त्यात काडीकचरा दिसला तर गाळून घ्या. मग एक चमचा तूप घालून मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आधी बुडबुडे मोठे येतात. मग फेस येतो. मग बुडबुडे लहान आणि दाट होतात.

हा पाक का घट्ट होतो? पाणी उडून जाते म्हणून. नुसते पाणी समुद्रकाठी १०० अंशांवर उकळते. जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंच आहे, तिथे ते ९७ अंशांच्या आसपासच उकळते. डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच. पाकाचे तसे नाही. पाकात पाणी कमी कमी होत जाते, तसतसा तो जास्त जास्त तापतो. वडीचा पाक ११५ अंशांच्या आसपास पोचतो. चिक्कीचा त्याहूनही वीस-तीस अंश वर.

घरात तापमापक नसतो. त्याची जरुरी नाही. वाटीतल्या थंड पाण्यात पाकाचा थेंब टाका. थेंब विरघळून गेला तर पाक कच्चा आहे. थेंब तळाशी बसला आणि बोटांनी त्याची मऊ गोळी वळली, तर वडीचा पाक झाला. गोळी कडक झाली, ताटलीवर टाकल्यावर 'टण्' वाजली, तर तो चिक्कीचा पाक झाला. मऊ गोळी आणि कडक गोळी यांत मिनिटा-दोन मिनिटांचेच अंतर असते. या वेळी फोन वाजला तरी उचलू नका.

गोळी वळली की कढई लगेच उतरवा. कूट, कीस, वेलदोड्याची पूड आणि मीठ एकदम घाला. भराभर ढवळा. ताटात ओता. वाटीच्या बुडाने दाबून सारखे करा. गरम असतानाच सुरीने रेघा मारा. गार झाल्यावर कापू गेलात तर तुकडे वाकडेतिकडे पडतील. अर्ध्या तासाने वड्या सुटतात.

चौथी गोष्ट भाजण्याची. म्हणजे दाण्यांच्या नव्हे, अंगाच्या! उकळते पाणी अंगावर पडले तर ते ओघळून जाते. पाक चिकटतो आणि तिथेच भाजत राहतो. तापलेलाही जास्त असतो. म्हणून पाक होत असताना लहान मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नका. "थोडा चाटायला दे" म्हणून पोरे कढईत बोट घालतात, हे तुम्हाला माहीत आहेच. कढईचा दांडा बाहेर काढून ठेवू नका, आत वळवा. पदर खोचा.

तरीही पाक उडालाच तर ताबडतोब साध्या थंड पाण्याच्या धारेखाली हात धरा. वीस मिनिटे धरा. घड्याळ पाहून धरा, कारण दोन मिनिटांत माणसाला वाटते की पुरे झाले. बांगड्या, अंगठी काढा. चिकटलेला पाक ओरबाडू नका, पाण्याने सुटेल तेवढा सुटू द्या. तूप, हळद, शाई, दाताची पेस्ट यांतले काहीही लावू नका. फोड मोठा असेल, किंवा तोंडावर, डोळ्याजवळ, सांध्यावर भाजले असेल, किंवा लहान मूल असेल तर दवाखान्यात न्या.

वडी फसली तर काय करायचे? वडी चिकट राहिली, आकार धरीना, तर पाक कच्चा होता. सगळे पुन्हा कढईत घाला, मंद आचेवर चार-पाच मिनिटे परता आणि पुन्हा थापा. वडी दगडासारखी झाली तर पाक पुढे गेला. ती कुटून त्यात थोडे तूप घाला आणि लाडू वळा. वाया काही जात नाही. मऊ व्हावी म्हणून काही जणी दूध शिंपडतात. घरी दोन दिवसांत संपणार असेल तर चालेल. वाटेसाठी, यात्रेसाठी करायची असेल तर दूध नको. दुधाने वडी लवकर खराब होते.

वड्या पुरत्या गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. गरम भरल्या तर झाकणाला पाणी सुटते, आणि पाणी आले की बुरशी आली. डबा कोरडा, झाकण घट्ट. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून पावसाळ्यात हीच वडी चार दिवसांत चिकट होते. हिवाळ्यात पंधरा दिवस सहज राहते. ओल्या हाताने काढू नका.

अशी वस्तू इतर देशांतही आहे. विलायतेत ओट नावाच्या धान्याचे पोहे, लोणी आणि साखरेचा दाट पाक एकत्र करून थाळीत थापतात आणि भट्टीत भाजतात. मग चौकोनी वड्या पाडतात. त्यांचा पाक आपल्या काकवीचा चुलतभाऊच म्हणा. त्यांच्या घरोघर भट्टी असते, आपल्या घरोघर चूल. आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचे पत्रे भाजायला बेकरीत नेत असत, ते आठवा. वडीला तोही खटाटोप नाही.

वाटताना मात्र माणूस पाहून वाटा. मधुमेह असलेल्याला आग्रह करू नका. "गूळच हाय, साखर न्हाई" असे म्हणून लोक वाढतात. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत फारसे अंतर राहत नाही. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. वडीही कुस्करून द्या. काही थोड्या माणसांना शेंगदाणा अजिबात सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही कोंडतो. असे कुणी म्हणाले तर चेष्टा करू नका. श्वास कोंडला तर तसेच उचलून दवाखाना गाठा.

खेट्याला, यात्रेला किंवा पाहुण्यांकडे डबा न्यायचा असेल तर त्यावर एक कागद चिकटवा. आता तुम्हाला लिहिता येते, तेव्हा हे काम दुसऱ्याकडे देऊ नका. ठसठशीत अक्षरात लिहा :

गूळ-शेंगदाण्याची वडी.
आत काय आहे : शेंगदाणे, गूळ, सुके खोबरे, तूप, वेलदोडे, मीठ.
कधी केली : तारीख.
कधीपर्यंत खावी : पंधरा दिवसांनंतरची तारीख.
करणाऱ्याचे नाव.